मापाची वही

खानदेशातल्या पुरुषाच्या पोशाखाचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात शिंप्यापासून नाही, विणकरापासून करावी लागते. धोतर, उपरणे, पागोटे, खांद्यावरचे घोंगडे. मागावरून उतरले की थेट अंगावर. सुईचा संबंध नाही. शिंप्याकडे जायचे ते बंडी, पैरण किंवा बाराबंदीपुरते. बाराबंदीला बटणे नसत, बंद असत. माणूस सुटला किंवा वाळला, तर गाठ सैल किंवा घट्ट करायची, की झाले. थोरल्याची धाकट्यालाही होई. माप लागायचे, पण ढोबळ.

म्हणून त्या पोशाखात समानता होती, असे मात्र समजू नका. धोतर गुडघ्यावर की पोटरीपर्यंत, पागोटे कोणत्या घाटाचे, यावरून माणसाची पायरी लांबूनच कळे. दलिताने नवे, स्वच्छ कपडे घातलेले अनेक गावांना खपत नसे. शिवाय माप घ्यायचे म्हणजे अंगाला हात लावणे आले. अस्पृश्यतेच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. याच शिंपी समाजात संत नामदेव जन्मले. शिवणकामाची साधने घेऊन त्यांनी नामस्मरणाचा अर्थ सांगितला आणि ते पद आज शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे.

मग काळ बदलला. १८५१ साली अमेरिकेत सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत ते यंत्र हिंदुस्थानात आले. १९००च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातून निघालेली रेल्वे अमळनेरला पोहोचली. श्रीमंत प्रतापशेठजींच्या पुढाकाराने इथे कापडगिरणी उभी राहिली, शाळा वाढली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले. कचेरी, शाळा आणि गिरणी यांच्याबरोबर आला कोट. कोटाला खांदा लागतो, बाही लागते, काजेबटणे लागतात. आता ढोबळ मापाने भागेना. या कोटाची ओढ किती होती, हे पाहायचे असेल तर 'श्यामची आई' आठवा. श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. ती गोष्ट कोकणातली, पण ती लिहिणारे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आपल्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते.

स्वतः गुरुजींनी मात्र उलटी वाट धरली. खादीचे धोतर, सदरा आणि पांढरी टोपी. असहकाराच्या चळवळीनंतर ही टोपी देशभर पसरली होती. शिवायला किती सोपी! दोन बाजूंना दोन पट्ट्या, वर एक लांबट तुकडा. काज नाही, बटण नाही. घडी करून खिशात मावते. पागोट्यावरून ओळख पटत असे, टोपीखाली सगळी डोकी सारखीच. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले.

त्याच काळात दुसरे एक उत्तर खानदेशाने पाहिले. १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले होते. बाबासाहेबांचा पोशाख म्हणजे कोट, पँट, टाय. ज्यांना धडका कपडा घालू दिला जात नव्हता, त्यांचा पुढारी मापात शिवलेल्या सुटात कोर्टात उभा राहतो, याचा अर्थ पाहणाऱ्यांना न सांगता कळत होता. गावोगावच्या पुतळ्यांवरचा निळा सूट हा अर्थ अजून सांगतो. ज्याच्याकडे कोट होता त्याने तो उतरवावा, असे एक म्हणत होते; ज्याला तो नाकारला होता त्याने तो घालावा, असे दुसरे. मला यात विरोध दिसत नाही. माणसाची किंमत कपड्यावरून ठरू नये, हाच दोघांचाही आग्रह होता.

स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत मधला मार्ग निघाला. लेंगा, नेहरू शर्ट आणि टोपी. पोरांना पँट-शर्ट. लग्नात आहेर टोपी-टॉवेलचा, जवळच्या पाहुण्याला पँटपीस-शर्टपीस. नायजेरियातल्या योरुबा लोकांतही असेच काहीसे आहे. घरच्या समारंभाला सगळे आप्त एकाच कापडाचे कपडे शिवून घेतात. त्याला 'आशो एबी', म्हणजे कुटुंबाचे कापड, म्हणतात. पुरुष त्याचा घोळदार 'अग्बादा' शिवतात. कापड सगळ्यांचे, माप ज्याचे त्याचे. आपल्या आहेरातही हेच होते. कापड नातेवाइकाने द्यायचे आणि ते अंगावर येण्यासाठी शिंप्याच्या दुकानात जायचे.

आता ती दुसरी पायरी गळाली आहे. माझ्याच कपाटात आहेराचे पीस घडी न मोडता पडले आहेत. शिलाईच्या पैशांत तयार शर्ट मिळतो. आमच्या गल्लीतल्या टेलरकडे आता बहुतेक कामे येतात ती पँट आखूड करण्याची आणि चेन बदलण्याची. त्याच्याकडे मापांच्या जुन्या वह्या आहेत. डावीकडे नाव, पुढे लांबी, छाती, खांदा, बाही, गळा, कोपऱ्यात पिनने टोचलेला कापडाचा तुकडा. मी एक वही चाळली. एकाच पानावर वकील, गिरणी कामगार, भाजीवाला, मास्तर. गावातल्या सगळ्या आळ्यांतली, सगळ्या जातींची नावे. प्रत्येकाच्या खांद्यावर तीच टेप टेकलेली. शंभर वर्षांपूर्वी असे पान होणे कठीण होते.

सरकारी दप्तरात आपल्या गावाचा सातबारा सापडेल, पण हे पान सापडणार नाही. तुमच्या ओळखीचा टेलर दुकान बंद करत असेल, तर त्याची मशीन कुणीतरी घेईलच. वह्या मात्र रद्दीत जातील. त्या मागून घ्या आणि गावच्या वाचनालयात ठेवा. आणि हो, या लग्नसराईत आलेला एखादा पीस तरी शिवायला टाका.