तळटीप : कांचनजुंगा कुणाला बंद?

‘कांचनजुंगा चढाईला बंद आहे’ हे मूळ मजकुरातले विधान निम्मेच खरे आहे. ८,५८६ मीटर उंचीचे हे शिखर भारत-नेपाळ सीमेवर उभे आहे. चढाईला बंदी आहे ती सिक्कीमच्या बाजूने. नेपाळमधून रीतसर परवाना मिळतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे गिर्यारोहक २०१९ साली तिकडूनच चढले. धरमपेठेत नकाशा उघडून बसलेल्या वाचकाला शिखरावरून गेलेली सीमारेषा दिसते आणि बंदीचे कारण लष्करी असावे, असे वाटते. पण १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराचीच मोहीम सिक्कीमकडून यशस्वी झाली. सीमा तेव्हाही होतीच. बंदी नंतर आली, आणि ती सिक्कीमी लोकांच्या श्रद्धेपोटी. हा पर्वत त्यांचा रक्षक देव आहे.

देव आहे म्हणून चढायचे नाही, हे विदर्भातल्या वाचकाला खटकेल. आपल्याकडचे भाविक तर खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या चौरागडाचा माथा गाठतात. तिथे माथ्यावर पोचणे ही भक्ती, इथे माथा न शिवणे ही भक्ती. मग नेपाळकडून चढणे म्हणजे पळवाट नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. मात्र १९५५ च्या पहिल्या चढाईत जॉर्ज बँड आणि जो ब्राउन सर्वोच्च बिंदूच्या जरा खाली थांबले, आणि पुढच्या अनेकांनी तो संकेत पाळला. केवळ दर्शन हवे असणाऱ्यांना युक्सोमहून जोंगरी, गोएचालाची पायवाट परवाना काढून आजही चालता येते. — संपादक