झाकण

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक आहेत. पण दादरच्या घरात फिल्म धुण्यासाठी रसायने मिसळत त्या सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी. ते नाव घेतले की मला कल्याणची एक डार्करूम आठवते.

तिथे माझ्या मामूंचा फोटो स्टुडिओ होता. १९८५च्या सुमारास मी सुटीत हाताखाली असे. भिंतीवर कोडॅकच्या ‘डी-७६’चे १९२७ सालचे सूत्र चिकटवलेले होते: लिटरभर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. सुटी रसायने मामू मुंबईहून, प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणत.

एका पावसाळ्यात सल्फाइटच्या डब्याचे झाकण माझ्याकडून सैल राहिले. हवा लागली की सल्फाइटचे हळूहळू सल्फेट होते. भुकटी पांढरीच दिसते, तराजूत वजनही भरते. मात्र डेव्हलपर टिकवण्याचा तिचा गुण जातो. दुसऱ्या दिवशी द्रावण तांबूस झाले होते. मी ते पाहिले आणि गप्प बसलो. एका निकाहाचा रोल त्यात गेला. निगेटिव्ह फिकट, डागाळलेल्या निघाल्या. नवरीच्या आजीचा तो शेवटचा फोटो ठरला.

मामूंनी पैसे परत केले. मला म्हणाले, “चूक झाकणाची नव्हे बेटा, गप्प बसण्याची.” पुढे ते प्रत्येक डब्यावर तारीख घालत आणि आधी फिल्मचा तुकडा धुऊन पाहत.

सरस्वतीबाईंनी अशी किती झाकणे नीट लावली असतील, याची नोंद इतिहासात नाही. चित्रपट मात्र पडद्यावर आला.