तोसदान ते खिसा : काडतूस बाळगण्याचा इतिहास

शस्त्रांच्या इतिहासात नळीची लांबी, चापाची रचना आणि गोळीचा पल्ला यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते शस्त्र ज्यावर चालते ती दारू आणि ते छर्रे माणसाने अंगावर कसे वागवले, किंवा दुसऱ्याला कसे वागवायला लावले, ह्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. क्ले नेमबाजी शिकणाऱ्या नवशिक्यापुढे आज एक साधा प्रश्न असतो : काडतुसे जाकिटाच्या खिशात ठेवावीत, कमरेच्या पाऊचमध्ये की खांद्यावरच्या पिशवीत? वरवर पाहता ही दुकानातली निवड आहे. परंतु ह्या तिन्ही वस्तू तीन निरनिराळ्या काळांतून आल्या आहेत, आणि त्यांच्यामागे एकच जुना प्रश्न उभा आहे : भार कोणी वाहायचा?

सुरुवात शब्दांपासून करू. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'कार्तुशो'वरून आला. तो आता इतका घरचा झाला आहे की त्याचे परकेपण जाणवतही नाही. काडतुसे ठेवण्याच्या चामडी पेटीला पलटणींच्या बोलीत 'तोसदान' म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे आणि त्याचे मूळ फारसी 'तोशादान' असे दिले आहे. तोशादान म्हणजे वाटेवरची शिदोरी ठेवण्याची पिशवी. शिपायाच्या कमरेला लटकणाऱ्या मृत्यूच्या सामग्रीला भाकरीच्या पिशवीचे नाव मिळावे, ह्यात केवळ योगायोग नाही. दोन्ही गोष्टी मोजून बरोबर घ्याव्या लागतात, दोन्ही भिजून चालत नाहीत आणि दोन्ही संपल्या की माणूस हतबल होतो.

सतराव्या शतकातला युरोपीय बंदूकधारी छातीवरून तिरका पट्टा घालीत असे. त्याला लाकडी कुप्या टांगलेल्या असत आणि प्रत्येक कुपीत एका बाराची दारू मोजून भरलेली असे. कुप्या बहुधा डझनभर असत, म्हणून पुढे ह्या पट्ट्याला 'बारा प्रेषित' असे नाव पडले. चालताना त्या एकमेकींवर आपटून खडखडत आणि जळती वात हातात असलेल्या माणसाच्या छातीवर दारू बाळगणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. पुढे दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत आली. कुप्यांचा पट्टा जाऊन झाकणाची पेटी आली, ती छातीवरून कमरेवर उतरली आणि पुडीचे टोक दाताने फाडणे हा कवायतीचा भाग झाला.

ह्या पुडीने आपल्या इतिहासात काय घडवले ते शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. एक तपशील मात्र आपल्या विषयाशी जवळून जोडलेला आहे. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतच्या संचलनभूमीवर नव्वद घोडेस्वारांपुढे काडतुसे धरण्यात आली, तेव्हा पंचाऐंशी जणांनी ती हातात घ्यायलाच नकार दिला. दाताने तोडण्याऐवजी हाताने फाडण्याची मुभा तोपर्यंत मिळालेली होती. म्हणजे त्या दिवशीचा प्रश्न तोंडाचा उरला नव्हता, स्पर्शाचा आणि बाळगण्याचा झाला होता. जी वस्तू अंगावर वागवायची ती कोणाची, तिच्यात काय आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, असा तो प्रश्न होता. १० मे रोजी त्याचे उत्तर सगळ्या हिंदुस्थानने ऐकले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शिकारीच्या बंदुकीचे रूप पालटत होते. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात फ्रेंच कारागीर लफोशे याची मागून भरायची बंदूक लोकांनी पाहिली, आणि पुढच्या दोन दशकांत दारूचे शिंग व ठासणीचा गज मागे पडले. आता दारू, छर्रे आणि ठिणगी हे सारे एका नळकांड्यात सामावले. पण त्या नळकांड्याचे अंग कागदी होते. दमट हवेत कागद फुगे आणि फुगलेले काडतूस नळीत बसत नसे. जाड कातड्याची, मोठ्या झाकणाची पिशवी ही ह्या अडचणीतून आलेली वस्तू आहे. तिचे तोंड रुंद असे, कारण तिच्यात हात घालणारा माणूस घाईत असे. तो माणूस म्हणजे बंदुकीचा मालक नव्हे, तर त्याच्या मागे उभा राहून बंदूक भरून देणारा नोकर.

व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या शिकारींत हाकारे पक्षी उठवून आणीत आणि धनी एका जागी उभा राहून बार काढी. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा मुलगा, दुसरा मार्क्विस ऑफ रिपन, हा त्या काळचा अव्वल नेमबाज. तो तीन बंदुका आणि दोन भरणारे नोकर घेऊन उभा राही. त्याने आयुष्यात टिपलेल्या सावजांचा हिशेब पाच लाखांच्या पुढे जातो, आणि १९२३ मध्ये त्याला मरणही शिकारीच्या माळावरच आले. शिकारीच्या वह्यांतून पक्ष्यांची संख्या बारकाईने टिपलेली आढळते. दिवसभर पिशवी खांद्यावर वागवून, न चुकता, न गोंधळता काडतुसे पुरवणाऱ्या हातांना त्या हिशेबात रकाना नाही.

मातीच्या तबकडीने हे दृश्य बदलले. आधी पिंजऱ्यातून सोडलेली जिवंत कबुतरे मारण्याच्या शर्यती होत. अमेरिकेत बोगार्डस याने १८७० च्या दशकात काचेचे गोळे लोकप्रिय केले आणि १८८० मध्ये सिनसिनाटीच्या लिगोव्स्की याने भाजलेल्या मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले. पाण्यावर चपट्या वस्तू फेकून भाकऱ्या काढणारी मुले पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरे आणि मातीच्या तबकड्या ह्या दोन्हींवर नेम धरले गेले. १९२१ मध्ये ब्रिटनने कोंडलेले पक्षी सोडून मारण्यास कायद्याने बंदी घातली. पक्षी गेला, त्याच्यामागोमाग हाकारे आणि भरणारा नोकरही गेला. रांगेत उभ्या राहिलेल्या नेमबाजाला काडतूस देणारे मागे कोणी उरले नाही. त्याचा भार त्याच्याच कमरेवर आला.

येथून पुढे निवड सुरू होते, आणि ती खेळाच्या लयीवर ठरते. ट्रॅपमध्ये पंचवीस तबकड्यांची फेरी असते. नेमबाज जागा बदलत पुढे सरकतो, हात एकाच वाटेने पुन्हा पुन्हा खाली जातो. म्हणून त्याला कमरेचा पाऊच किंवा जाकिटाचा खोल, उघडा खिसा सोयीचा. पाऊचला बहुधा दोन कप्पे असतात, एक भरलेल्या काडतुसांचा आणि दुसरा रिकाम्या नळकांड्यांचा. स्पोर्टिंगमध्ये मात्र रानवाटेने ठिकठिकाणी चालत जावे लागते आणि पन्नास किंवा शंभर तबकड्या असतात. पंचवीस काडतुसांचा खोका किलोभराच्या आसपास भरतो, म्हणजे शंभरांचा भार चार किलोंच्या घरात जातो. तो कमरेवर घेतला तर शरीराचा तोल बिघडतो. म्हणून साठा खांद्यावरच्या पिशवीत आणि हाताशी लागतील तेवढीच खिशात, अशी विभागणी करावी लागते. १९६० मध्ये प्लॅस्टिकची काडतुसे बाजारात आली, तेव्हा ओलाव्याची भीती सरली. जाळीचा हलका पाऊच शक्य झाला तो त्यामुळेच.

कधी कधी तर बाळगण्याच्या साधनाने खेळच घडवला आहे. १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस व त्याच्या सोबत्यांनी घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळ आखून बारा जागांवरून दोन-दोन बार काढण्याचा सराव सुरू केला. चोवीस झाले, पण खोक्यात एक काडतूस उरे. मग ते वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून उडवायचे ठरले. शेजारी कोंबड्यांचा फार्म आल्यावर वर्तुळ अर्धे करावे लागले. आजच्या स्कीटचे हे मूळ. पंचवीस हा आकडा खोक्याने दिला, अर्धवर्तुळ कोंबड्यांनी!

ह्या निवडीत सोयीपलीकडे एक गंभीर बाबही आहे. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातले तर ते कोठीत न अडकता पुढे घसरते आणि नळीत अडून राहते. बार निघाला नाही असे समजून मागून दुसरे भरले व चाप ओढला, तर नळी फुटते आणि तिच्याबरोबर हातही. म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत पडली. पण घाईतला हात न पाहता खिशात जातो, त्याला रंग दिसत नाही. एका खिशात दोन मापांची काडतुसे कधीही ठेवू नयेत, हा नियम म्हणून रंगापेक्षा महत्त्वाचा. पूर्वी ही दक्षता नोकराची होती. आता ती आपली आपणच घ्यायची.

आपल्या देशात हा सारा प्रवास एका घराण्यात दिसतो. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या गजनेर येथील पक्ष्यांच्या शिकारी साम्राज्यभर गाजलेल्या होत्या. त्यांचे नातू करणीसिंह १९६० ते १९८० ह्या काळात पाच ऑलिंपिकांत क्ले ट्रॅपसाठी उतरले आणि १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. आजोबांच्या शिकारीत पाहुण्यांभोवती माणसांचा ताफा असे. ट्रॅपच्या रांगेत राजाच्या नातवाचीही पाळी इतरांसारखीच येई आणि जाई. संस्थाने विलीन करण्याचे काम कागदावरच्या करारांनी केले हे खरे, पण सरंजामी सवय शरीरातून जायला अशा बारीकसारीक नियमांचीही मदत झाली असावी, असे आम्हांला वाटते.

छातीवरच्या कुप्या, कमरेचे तोसदान, नोकराच्या खांद्यावरची पिशवी आणि आपला स्वतःचा खिसा, अशी ही वाट आहे. साहित्याच्या अभ्यासकाने वस्तूंचा इतिहास वाचावा तो ह्यासाठी. कथा-कादंबऱ्यांतून शिकारीची वर्णने आपण अनेकदा वाचतो. नेम कोणी धरला हे लेखक सांगतोच. काडतुसांची पिशवी कोणाच्या खांद्यावर होती, हे त्याने सांगितले आहे काय, एवढे यापुढे वाचताना पाहावे. शिदोरी कोणी बांधली आणि कोणी वाहिली, हे कळल्यावाचून प्रवासाची हकीगत पुरी होत नाही.