बेलापूरची वाढती घरे आणि सामाईक अंगण : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकात महाराष्ट्रातील सार्वजनिक गृहनिर्माणाचा विचार प्रामुख्याने खोल्यांच्या संख्येवरून झाला. १९२० च्या दशकात मुंबईत उभारलेल्या २०७ बी.डी.डी. चाळी हे त्याचे ठळक उदाहरण होय. याउलट, घरांमधील मोकळ्या जागेलाच नियोजनाचा पाया मानणारा प्रयोग नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात साकारला. प्रस्तुत लेखात त्याचे मूल्यमापन केले आहे.

पार्श्वभूमी व रचना :
खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. पुढे सिडकोसाठी कोरिया यांनी पारसिक टेकडीच्या पायथ्याशी सुमारे ६ हेक्टर जागेत साधारण ५५० कुटुंबांची ही वसाहत आखली. तिचे मूळ एकक म्हणजे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवतीची सात घरे. असे तीन गट मिळून २१ घरांचा समूह व त्याचे मोठे अंगण. तीन समूहांना त्याहून मोठी मोकळी जागा. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते. म्हणजे रहिवाशांच्या उत्पन्नात मोठी तफावत असली, तरी जमिनीच्या वाटपात ती मर्यादित राहिली. शेजारच्या घराशी भिंत जोडलेली नसल्याने प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढविता येई.

मूल्यमापन :
कालांतराने उतरत्या छपरांची बहुतेक मूळ घरे पाडली गेली व तेथे मोठी पक्की घरे आली. अंगणे मात्र बव्हंशी टिकून आहेत. घर एकाच्या मालकीचे असल्याने ते बदलणे सोपे होते. अंगणावर मात्र सात कुटुंबांचा वावर व सात दारांची नजर होती. परंतु जमिनीचे भाव वाढत गेले आणि अल्प उत्पन्न गटातील नव्या कुटुंबाला येथे घर घेणे आवाक्याबाहेरचे झाले.

निष्कर्ष :
बेलापूरच्या आराखड्याने सामाईक अंगण राखले; गरिबांचे त्या अंगणातील स्थान तो राखू शकला नाही. त्यासाठी जमिनीची मालकी व पुनर्विक्री यांविषयीचे नियम आवश्यक होते. पुणे महानगराच्या परिघावरील मुळशी तालुक्यात, रिहेसारख्या गावांच्या परिसरात वसाहती आखताना या दोन्ही बाबींचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.