मंगळवेढा आडबाजूला नव्हतं

सोलापूर जिल्ह्याविषयी कुणीही लिहायला बसलं की मंगळवेढ्यासाठी दोन विशेषणं तयारच असतात: ‘संतांची भूमी’ आणि ‘आडबाजूचा दुष्काळी तालुका’. दोन्ही एकमेकांना टेकू देतात. पाऊस नाही, रेल्वे नाही, राज्यकर्त्यांचं लक्ष नाही, म्हणून इथली माणसं देवाकडे वळली, असा एकूण युक्तिवाद. तो निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पाऊस कमी आहे आणि त्याहून वाईट म्हणजे बेभरवशाचा आहे. तालुक्याच्या दक्षिण भागातल्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. रेल्वे आजही गावाला नाही. पण आजच्या या अवस्थेवरून ‘हे गाव मुळातच कडेला होतं’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो इतिहासासमोर टिकत नाही.

बाराव्या शतकापासून पाहू. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींचं ठाणं मंगळवेढ्याला होतं. त्यांच्यातल्या बिज्जलाने शतकाच्या मध्यावर चालुक्यांनाच बाजूला सारून कल्याणीचं सिंहासन घेतलं. म्हणजे दख्खनच्या राजधानीवर ज्याने झडप घातली त्याचं बळ या गावात गोळा झालं होतं. महात्मा बसवेश्वरांनी बिज्जलाच्या कोषागारात कामाला सुरुवात केली ती मंगळवेढ्यात, असं परंपरा सांगते. कोषागार असतं तिथे महसूल येतो, आणि महसूल येतो तिथे वाटा जातात.

पुढचा पुरावा याहून ठळक, तरी सर्वांत कमी आठवला जाणारा. तालुक्यात भीमेच्या काठी ब्रह्मपुरी आणि माचणूर ही गावं आहेत. 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी ब्रह्मपुरीला होती. त्याने गावाचं नावही इस्लामपुरी केलं होतं. ती नुसती फौज नव्हती. बादशाहाबरोबर दरबार होता, कचेऱ्या होत्या, बाजार होता. चार वर्षं हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा कारभार या काठावरून चालला. एवढ्या माणसांना आणि जनावरांना दाणा-वैरण आणि पाणी पुरवता येईल असं वाटल्याशिवाय कुणी तिथे चार वर्षं तळ ठोकत नाही.

आता संतांकडे येतो, कारण माझा मुख्य वाद तिथेच आहे. मंगळवेढ्याच्या तीन संतकथा आपण भक्तीच्या कथा म्हणून ऐकतो, आणि त्या तशा आहेतच. पण त्यांतली परिस्थिती काय सांगते? चोखोबा 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून दगावले. गाव तटबंदीचं होतं, तट मोठा होता, आणि तो बांधायला वेठीला धरली जात होती ती तटाबाहेर राहणारी माणसं. पंधराव्या शतकात दामाजीपंत हे बहामनी सत्तेचे इथले अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लुटवली, आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन रक्कम भरली, ही कथा घराघरांत माहीत आहे. चमत्कारावर आपण इतके थांबतो की त्याआधीचं वाक्य निसटून जातं: भोवती माणसं उपाशी मरत असताना कोठारं भरलेली होती. धान्य या मातीत पिकलं होतं, ते बिदरच्या नावाने कुलूपबंद होतं. कान्होपात्रेच्या कथेतही बिदरच आहे. तिच्या रूपाची वार्ता दरबारात पोहोचते आणि शिपाई तिला न्यायला येतात.

वेठ, कोठार, बोलावणं. तिन्ही कथांत सत्तेचा हात गावाच्या मानेवर आहे. दुर्लक्षित गावाच्या या कथा नव्हेत. मंगळवेढ्याने सोसलं ते दुर्लक्ष नव्हे, नको तितकं लक्ष.

दुर्गम गाव खरोखर कसं असतं ते पाहायचं तर ब्रह्मदेशातल्या चिन डोंगराकडे पाहावं. हाखा, फलम यांसारखी तिथली गावं खोल दऱ्यांवरच्या उतारांवर वसलेली. इंग्रजांनाही तो मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोहिमांमागून मोहिमा काढून ताब्यात घ्यावा लागला. अमेरिकी अभ्यासक जेम्स स्कॉट यांनी 2009 साली अशा डोंगराळ प्रदेशांविषयी मांडलं की तिथलं दूरपण पुष्कळदा कर आणि वेठ टाळण्यासाठी माणसांनी स्वतः राखलेलं होतं. त्यांच्या मांडणीवर आक्षेप झाले, पण तिच्या उजेडात मंगळवेढा स्पष्ट दिसतं. इथे लपायला डोंगर नाही. सपाट काळी जमीन, एका वेळी पिकणारं, मोजता येणारं, साठवता येणारं धान्य. असा मुलूख सत्तेला हवाच असतो.

मग तो कडेला गेला कधी? अलीकडे. पेशवाईनंतरच्या नकाशात मंगळवेढा सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानाचा मुख्य भागापासून तुटलेला एक महाल झाला. दरबार शंभरावर किलोमीटरवर आणि भोवती बराचसा इंग्रजी मुलूख. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत हे चाललं. त्याच काळात 1860 साली आगगाडी सोलापूरला पोहोचली, कापूस आणि धान्याचा व्यापार स्टेशनांकडे सरकला. बार्शी लाइट रेल्वे 1906 साली पंढरपूरला आली. पुढे 1927 साली ती मिरजेला जोडली गेली, पण सांगोल्यावरून. पंढरपुरापासून मंगळवेढा पंचवीसेक किलोमीटर. रूळ मात्र दुसरीकडे वळले. हा निसर्गाचा निवाडा नव्हता, माणसांनी घेतलेले निर्णय होते.

‘नापीक जमीन, म्हणून नाइलाजाने ज्वारी’ हा ‘गाव मुळातच कडेला होतं’ या मताचा शेवटचा आधार. इथली खोल काळी माती पावसाळ्याचं पाणी धरून ठेवते. भाद्रपद-आश्विनात पाभरीने पेरलेली शाळू ज्वारी पुढे पाऊस नसला तरी त्या ओलीवर आणि थंडीवर उभी राहते. पौषात हुरडा, माघ-फाल्गुनात काढणी. ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडून खळ्यावर न्यायची. दाणा माणसाला, कडबा जनावराला. दुष्काळी वर्षी कडब्याचा भाव दाण्याच्या भावाइतकाच घरात मोजला जातो. इथल्या मालदांडी ज्वारीतून निवडून शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्राने 1930च्या दशकात काढलेलं मालदांडी 35-1 हे वाण अनेक संकरित वाणं येऊन गेली तरी शेतकऱ्यांनी सोडलेलं नाही. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरीची चव आणि कडब्याचा कस पाहून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं हे बियाणं आहे, नाइलाज नव्हे.

आज शाळूच्या पेऱ्याची चिंता आहे, आणि त्याचंही खापर पावसावर फोडलं जातं. शेतकऱ्याला विचारा. काढणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि ऊस जिथे पोहोचतो तिथे हमखास पैसा दिसतो. उपटणीचं काम मुख्यतः बायकांच्या हातांचं. हातांना घट्टे पाडणाऱ्या त्या कामासाठी सोपं यंत्र आणि ज्वारीला परवडणारा भाव या दोन गोष्टी मिळाल्या तर काळ्या रानात शाळू पुन्हा वाढेल. पाऊस आहे तेवढाच राहिला तरी.