भिंतीची जाडी आणि घराचें मोल

घराचें मोल कशावरून ठरतें, असें विचारतांच जागा, रस्ता आणि बाजार यांचीं नांवें पुढें येतात. त्या घरांत वैशाखाची दुपार कशी जाते, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. पारा चाळीस अंशांपलीकडे चढणाऱ्या मराठवाड्यांत हा प्रश्न आधीं विचारला जावयास हवा. आणि छत्रपति संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, इतिहास पाहतां तो तेथें एके काळीं विचारला जात होता, असें दिसून येतें.

याचा फार जुना पुरावा शहराजवळील वेरूळच्या लेण्यांत आहे. पुरातत्त्व खात्यांतील रसायनज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले असल्याचें दाखवून दिलें. देवगिरीच्या किल्ल्यांतही तोच प्रकार आढळला. असें तंतुमय द्रव्य माती-चुन्यांत घातलें म्हणजे गिलावा हलका व सच्छिद्र होतो. त्या बारीक छिद्रांत कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडविते, आणि भिंत हवेंतील ओल शोषून ती पुन्हां सोडते. युरोपांत गेल्या कांहीं दशकांपासून याच मिश्रणाचीं घरें बांधलीं जात आहेत.

१६१० सालीं मलिक अंबरानें खडकी येथें राजधानी वसविली, तेव्हां त्यानें डोंगरांतील पाणी भूमिगत नहरीनें शहरांत आणिलें. नहरीची हीच विद्या पुढें पाणचक्कीस उपयोगी पडली. तेथील मोठ्या हौदाचा तळ हेंच खालच्या प्रशस्त दालनाचें छत आहे. डोक्यावर पाण्याचा थर असल्यामुळें तें दालन भर उन्हाळ्यांतही गार राहतें. उष्णता अडवावयाची ती प्रथम छतावर, हें त्या कारागिरांस पुरतें ठाऊक होतें.

सामान्य गृहस्थास हौद परवडण्यासारखा नव्हता; त्याचें काम माती करी. जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असत. वर माळवद, म्हणजे लांकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. जाड भिंत उष्णता नाहींशी करीत नाहीं. ती तिला उशीर लाविते. दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत रात्र होई, आणि तोंवर घरचीं माणसें माळवदावर निजावयास गेलेलीं असत. या व्यवस्थेंत दोषही होते. दर पावसाळ्यापूर्वीं माती घालून ती चोपावी लागे, गळती लागे, तुळयांस वाळवी लागे. म्हणूनच पुढें सिमेंटचा स्लॅब आला, तेव्हां लोकांनीं त्याचें मनापासून स्वागत केलें. गळती बरीच थांबली. पण चार-पांच इंचांच्या त्या छतानें दुपारचें ऊन तिन्हीसांजेलाच खोलींत उतरविलें.

मोलाचा प्रश्न येथेंच उभा राहतो. जुना वाडा विकावयास निघाला कीं गिऱ्हाईक बहुधा जागेचाच भाव करतें. मुद्रांक शुल्कासाठीं सरकारी मूल्यांकन होतें, त्यांत विभाग, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वय यांचा हिशेब असतो. वय वाढेल तसतशी बांधकामाची किंमत घटते. खोली किती गार राहते, याला तेथें रकाना नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याला भाव नाहीं, आणि ज्याला भाव नाहीं तें पाडावयास वेळ लागत नाहीं.

इंग्लंड व वेल्स यांनीं ही नोंद करून पाहिली आहे. २००७ सालापासून तेथें विकावयाच्या घरास ऊर्जेची प्रत सांगणारा दाखला देण्याची पद्धत सुरू झाली. तीन लाखांहून अधिक विक्रींच्या आधारें २०१३ सालीं झालेल्या सरकारी अभ्यासांत, इतर बाबी समान धरल्या असतां, वरच्या दोन प्रतींच्या घरांस शेवटच्या प्रतीच्या घरांहून सुमारें १४ टक्के अधिक किंमत आल्याचें दिसलें. घराचा हा गुण कागदावर उतरला, तेव्हां गिऱ्हाइकालाही तो दिसूं लागला.

भारतांतही २०१८ सालीं ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां छताच्या एका चौरस मीटरांतून १.२ वॅटहून अधिक उष्णता जाऊं नये, अशी तिची मर्यादा आहे. उघडा स्लॅब याच्या सुमारें तिप्पट उष्णता आंत सोडतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याखालीं उष्णतारोधक थर, वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा निदान चुन्याची सफेती, हे उपाय येथील गवंड्यांस अपरिचित नाहींत.

जुने वाडे सर्वच राखतां येणार नाहींत, आणि माळवद पुन्हां घालावें असेंही कोणी म्हणणार नाहीं. परंतु घर घेणाऱ्यानें एकदां भर दुपारीं त्याच्या वरच्या मजल्यावर घटकाभर बसून पहावें. दोन घरांतील जो फरक खरेदीखत सांगत नाहीं, तो तेथें अंगाला कळतो. आणि त्या फरकाची किंमत पुढें दर उन्हाळ्यांत विजेच्या बिलांतून भरावी लागते.