मिस्त्रीचं कॅरिअर

किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, आणि ती सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानाची. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

सायकली विकणाऱ्यांचा इतिहास असा लिहिला गेला. त्या चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींचा मात्र मला पुस्तकांत सापडत नाही. सातारा-सांगलीच्या पेठांतल्या या मिस्त्रींत आपले लोकही पुष्कळ. राले, हर्क्युलिस विलायतेहून यायच्या. दुसऱ्या महायुद्धात तो माल दुर्मिळ झाला. सळई तापवून वाकवलेलं कॅरिअर, दुधाच्या किटल्यांसाठी हुक, जुन्या टायरचा मडफ्लॅप, शिवून घेतलेली चामड्याची सीट, सगळं गावातच व्हायचं.

मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारं सोडून सतारी, तंबोरे घडवले. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रास्तच झालं. पण सायकलसाठी लोखंड वाकवणाऱ्या हातांचं काय? आपला इतिहास म्हटला की आपण बादशहा आणि सरदार मोजतो, कारागीर गाळतो.

घरी जुनी सायकल असेल तर तिचं कॅरिअर निरखून पाहा. कंपनीचा शिक्का नसेल आणि हातोडीचे घाव दिसले, तर वडीलधाऱ्यांना मिस्त्रीचं नाव विचारा. लिहून ठेवा.